खानावळीची वही ते कादंबरी : बीज हाती लागल्यावर पुढे काय करावे

कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास पडतात. विषय कुठून आणायचा हा पहिला, आणि विषय सापडल्यावर त्याची दोनशे-अडीचशे पाने कशी लिहायची हा दुसरा. पहिल्यावर पुष्कळ बोलले जाते, दुसऱ्यावर फार थोडे. म्हणून कित्येकांच्या कपाटात पंधरा-वीस पानांवर थांबलेली हस्तलिखिते वर्षानुवर्षे पडून असतात. बीज नेमके ओळखले आणि त्याच्या पोटातला प्रश्न सापडला, तर माणसे, भाषा, रचना आणि शेवट या सर्वांचे निर्णय त्या प्रश्नाच्या आधारानेच घेता येतात, असे माझे मत आहे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. त्यासाठी १९८२ च्या गिरणी संपाच्या काळातल्या गिरणगावात घडणारी एक न लिहिलेली कादंबरी उदाहरण म्हणून घेतली आहे आणि तीच सुरुवातीपासून अखेरपर्यंत पुढे नेली आहे.

घटना आणि कादंबरी यांच्यातले अंतर

प्रेरणेची नोंद स्पष्टपणे उपलब्ध आहे असे एक प्रसिद्ध उदाहरण आधी पाहू. जानेवारी १८७२ मध्ये रशियात लेव्ह टॉलस्टॉय यांच्या गावाजवळच्या यासेन्की रेल्वे स्थानकावर आन्ना पिरोगोव्हा नावाच्या स्त्रीने मालगाडीखाली जीव दिला. शेजारच्या एका जमीनदाराच्या घरी ती घरकारभार पाहत असे आणि त्याच्याशी तिचे संबंध होते; त्याचे मन दुसऱ्या स्त्रीकडे वळल्याचा घाव तिला सोसला नव्हता. शवविच्छेदनाच्या वेळी टॉलस्टॉय स्वतः हजर होते. तरीही 'आन्ना कारेनिना'चे लेखन त्यांनी सुरू केले ते मार्च १८७३ मध्ये, म्हणजे वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर, आणि त्या कादंबरीतली आन्ना घरकारभारीण नसून पीटर्सबर्गच्या उच्च वर्तुळातली, एका मोठ्या अधिकाऱ्याची पत्नी आहे. मूळ घटनेतले एक नाव, रेल्वेचे रूळ आणि सोडून दिल्याची भीती एवढेच उरले, बाकी सारे बदलले.

नवख्या लेखकाने यातून उचलायची गोष्ट म्हणजे वर्षभराची ती मुदत. घटना ऐकल्या दिवशी ती जशीच्या तशी लिहून काढली तर वृत्तान्त तयार होतो. ती मनात राहू दिली की तिच्यातला कोणता भाग आपल्याला सोडत नाही हे हळूहळू कळते, आणि तेवढा भाग घेऊन उरलेला भाग बदलण्याचे स्वातंत्र्य लेखकाला मिळते.

पहिली पायरी : विषय आणि बीज वेगळे करणे

'गिरणी संप' हा विषय आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी मुंबईतल्या कापड गिरण्या बंद पाडल्या आणि तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, ही माहिती महत्त्वाची असली तरी तिच्यावरून पहिले वाक्य लिहिता येत नाही, कारण तिच्यात कोणा एकाचा चेहरा नाही.

आता याच काळातली एक लहान वस्तू समोर आणा. गिरणगावात कुटुंब गावी ठेवून एकटे राहणारे हजारो कामगार होते. एका गाळ्यात अनेक जण पाळीपाळीने झोपत आणि जेवण महिन्याच्या हिशेबाने एखाद्या बाईच्या घरगुती खानावळीतून घेत. ही बाई प्रत्येकाचा हिशेब वहीत ठेवी, कोणी जेवला नाही तर त्या दिवसाचा खाडा मांडी आणि पगार झाल्यावर पैसे घेई. संप सुरू झाला, पगार थांबले, कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले, आणि वही मागे राहिली. ही उधारीची वही म्हणजे बीज.

बीज ओळखण्यासाठी मी तीन कसोट्या वापरतो. ते हाताला लागेल असे असावे, म्हणजे वस्तू, जागा, आवाज, वास किंवा एखादे प्रत्यक्ष ऐकलेले वाक्य. त्यात किमान दोन माणसांचे हितसंबंध गुंतलेले असावेत. आणि त्याच्या पोटात असा प्रश्न असावा की ज्याचे उत्तर लेखकालाही ठाऊक नाही. तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे आणि बहुतेक विषय तिथेच गळतात. भांडवलदारांनी कामगारांवर अन्याय केला हे विधान लेखकाला आधीपासून पटलेले असते, त्यामुळे त्यावर लिहिताना त्याला काही शोधायचे उरत नाही. वहीच्या पोटातला प्रश्न मात्र खराच अवघड आहे: ज्यांना वर्षानुवर्षे लेकरांसारखे जेवू घातले, त्यांच्याकडे आज पैसे नाहीत हे माहीत असताना, तिच्याही घरात पीठ संपत आले असेल तर तिने मागायचे की नाही?

बीज शोधण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, पण एक सवय लावून घ्यावी लागते. तीन महिने एक छोटी वही जवळ ठेवावी आणि रोज एकच नोंद करावी, मात्र मत लिहू नये. 'एसटीत एक म्हातारा भेटला, फार वाईट वाटले' ही नोंद निरुपयोगी आहे. 'म्हाताऱ्याने तिकीट चष्म्याच्या डबीत ठेवले आणि दर थांब्याला डबी उघडून पाहिली' ही नोंद दहा वर्षांनीही कामाला येते. तीन महिन्यांनंतर वही वाचावी आणि न वाचताही आठवणाऱ्या नोंदी बाजूला काढाव्यात. त्या बहुधा चार-पाचच निघतात, आणि कादंबरी त्यांच्यापैकी एकीत असते.

दुसरी पायरी : बिजाभोवतीचा दाब शोधणे

एका वहीवर कथा होईल, कादंबरी होण्यासाठी त्या वहीवर चारी बाजूंनी दाब असावा लागतो. तो कल्पनेने निर्माण करण्यापूर्वी वास्तवात काय होते ते पाहावे, कारण वास्तव पुष्कळदा आपल्या कल्पनेपेक्षा चांगली रचना हाती देते. याच उदाहरणात पाहा. प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्या कामाच्या मुळाशी होते. म्हणजे १९८२ साली आपल्या नायिकेच्या डोक्यावर बँकेचे कर्ज असू शकते आणि आपल्यासारख्याच शेजारणींसमोर वेळेवर हप्ता फेडण्याचा तिला अभिमानही असू शकतो. कामगार तिचे देणे लागतात, ती बँकेचे आणि वाण्याचे देणे लागते. एका वहीच्या दोन बाजू झाल्या, आणि तिच्या हातून पैसे मागितले जाणे किंवा न जाणे याला आता खरी किंमत आली. हे कळल्यावर कादंबरीचा कणा सापडला असे समजायला हरकत नाही.

तिसरी पायरी : माणसाचे वय आणि तारखा मांडणे

पात्राचा स्वभाव लिहून काढण्याआधी त्याच्या आयुष्याचा कालपट मांडावा, असा माझा आग्रह आहे. आपल्या खानावळवालीचे नाव सुभद्रा ठेवू. ती सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली, जन्म १९३८ चा. सतराव्या वर्षी लग्न होऊन १९५५ साली ती परळला आली. संपाच्या वेळी ती ४४ वर्षांची आहे. तिची मुलगी १९६४ ची असेल तर १९८२ मध्ये ती अठरा वर्षांची, म्हणजे लग्नाचा विषय घरात निघालेला असणार आणि त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कमही असणार. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सुभद्राचे माहेर त्याच टापूत होते, आणि ती २९ वर्षांची, पदरी तीन वर्षांची मुलगी असलेली, मुंबईत माहेरच्या बातमीची वाट पाहत बसलेली असणार. ही शेवटची गोष्ट मी ठरवली नव्हती, तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर ती आपोआप दिसली. कालपटाचा उपयोग हाच असतो.

कालपट झाल्यावर प्रत्येक मुख्य पात्राबद्दल तीन वाक्ये लिहावीत: त्याला काय हवे आहे, तो कशाला भितो, आणि तो कोणालाच काय सांगत नाही. सुभद्राला मुलीचे लग्न नीट करायचे आहे. नवऱ्याच्या मागे लोक आपल्याला पैशाला चिकट म्हणतील ही तिची भीती आहे. आणि एका माणसाचा हिशेब तिने वहीत कधी मांडलाच नाही, हे तिने कोणाला सांगितलेले नाही. त्या कोऱ्या पानाचे कारण अद्याप मलाही माहीत नाही, आणि ते लिहिताना कळेल एवढा विश्वास मी ठेवतो.

नावांबाबत घाई करू नये. नाव गाव, जात, पिढी आणि घरची परिस्थिती यांचा पत्ता सांगते, आणि मराठी वाचक तो पत्ता अचूक वाचतो. १९३८ साली पाटणच्या खेड्यात जन्मलेल्या मुलीला नंतरच्या काळातले शहरी नाव दिले की पहिल्याच पानावर वाचकाचा विश्वास उडतो. तसेच कोण कोणाला काय हाक मारते याचीही यादी करावी. कामगार तिला मावशी म्हणतील, तिची जाऊ वहिनी किंवा बाई म्हणेल, आणि बँकेतला कारकून तिचे संपूर्ण नाव घेईल. या एवढ्या फरकांतूनच पुष्कळ संबंध न सांगता उभे राहतात.

चौथी पायरी : शोध कसा घ्यावा आणि कुठे थांबावा

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा असे मला वाटते, आणि सर्वाधिक सावधगिरीही इथेच लागते.

वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींपासून सुरुवात करणे सोयीचे असते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ पासून चालत आलेल्या संस्था आणि जुनी जिल्हा ग्रंथालये यांतून अशा फायली पाहायला मिळू शकतात. त्या वाचताना पहिल्या पानावरच्या मथळ्यांवर थांबू नये. छोट्या जाहिराती, रॉकेल आणि साखरेच्या पुरवठ्याच्या बातम्या, चित्रपटगृहांच्या वेळा, हवामान आणि हरवलेल्या माणसांची निवेदने यांतून त्या दिवसाचे रस्ते दिसू लागतात. त्या वर्षीचे पंचांग किंवा भिंतीवरची दिनदर्शिका मिळाली तर ती जवळ ठेवावी. 'कालनिर्णय' १९७३ पासून निघत असल्यामुळे १९८२ ची प्रत एखाद्या जुन्या घरात सापडणे अशक्य नाही. गणपती कोणत्या तारखेला बसले आणि दिवाळी कधी आली याचा मेळ संपाच्या तारखांशी घालावा लागतो, कारण पगार नसलेल्या घरातला सण हे एक संपूर्ण प्रकरण आहे. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलिसांचाच उद्रेक झाला, त्याचे पडसाद गिरणगावात उमटले. त्या दिवशी सुभद्रा कुठे होती, हे लेखकाला माहीत असले पाहिजे, मग ते कादंबरीत येवो वा न येवो.

गावाकडचा भाग लिहायचा असेल तर जिल्हा गॅझेटियर, सातबारा आणि फेरफाराच्या नोंदी पाहाव्यात. जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर कधी गेली याची कोरडी नोंद वाचताना भावाभावांतले भांडण, विधवेचे नाव वगळले जाणे, सावकाराचा बोजा असे सारे दिसत जाते. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन आधार पुरेसे आहेत.

माणसांशी बोलणे हा शोधाचा गाभा आहे, आणि तिथे प्रश्न कसा विचारला जातो यावर सारे अवलंबून असते. 'संपाच्या काळात तुम्हाला कसे वाटले?' असे विचारले की समोरची व्यक्ती इतक्या वर्षांत अनेकदा सांगून गुळगुळीत झालेले उत्तर देते. त्याऐवजी कामाचा क्रम विचारावा. शेगडी किती वाजता पेटवत होता? पहिल्या पाळीचे डबे भरताना भाकरी असायची की चपाती? खाडा आदल्या रात्री सांगावा लागे की सकाळी? मासळीचा वार कोणता? वही कुठे ठेवत होता आणि हिशेब कोण लिहीत असे, तुम्ही की शाळेत जाणारी मुलगी? हात जे करत होते ते सांगताना माणसाला नकळत मनातले आठवते. महिन्याच्या जेवणाचा दर किती होता हेही तीन-चार जणांना विचारून मगच ठरवावे. हा आकडा अंदाजाने लिहून ठेवला तर कादंबरीतला प्रत्येक हिशेब चुकतो आणि त्या काळातून गेलेला वाचक ती चूक लगेच पकडतो.

धंद्याची भाषा अशा बोलण्यातूनच मिळते. बदली कामगार, जॉबर, साचेखाते, पाळी, भोंगा, गाळा हे शब्द समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये. पात्रांनी ते सहज वापरावेत आणि अर्थ प्रसंगातून कळावा. 'बदली' म्हणजे कायम नसलेला कामगार असे निवेदकाने सांगण्यापेक्षा एक तरुण सकाळी गिरणीच्या दारावर उभा राहून काम न मिळाल्याने परत येतो आणि त्या दिवशी खाडा मांडायला सांगतो, हे दाखवले की शब्दाबरोबर त्याची लाजही वाचकापर्यंत पोहोचते.

ज्यांनी आपले आयुष्य सांगितले त्यांच्याशी प्रामाणिक राहणे बंधनकारक आहे. आपण कादंबरी लिहीत आहोत हे आधी सांगावे, परवानगीशिवाय आवाज ध्वनिमुद्रित करू नये, आणि एका व्यक्तीची संपूर्ण कहाणी एका पात्राला जशीच्या तशी चिकटवू नये. सार्वजनिक जीवनातल्या खऱ्या व्यक्ती आणायच्या झाल्या तर त्यांच्या तोंडी काल्पनिक वाक्ये घालण्यापेक्षा त्यांना दूर ठेवावे. आपल्या कादंबरीत डॉ. सामंतांचे भाषण मैदानावरून परतलेल्या कामगारांच्या जेवताना चाललेल्या वादातून कळले तरी पुरेसे आहे, आणि खानावळीच्या दृष्टीने तेच अधिक खरे आहे.

आता थांबण्याविषयी. शोध हे लेखन टाळण्याचे सर्वांत प्रतिष्ठित निमित्त असते. कामाचा एक दिवस सकाळच्या शेगडीपासून रात्री भांडी घासेपर्यंत न अडखळता मनात चालवता आला की लिहायला बसावे. राहिलेल्या शंकांची यादी वेगळ्या कागदावर ठेवावी आणि मसुद्यात त्या जागी फुली करून पुढे जावे.

पाचवी पायरी : कोण सांगणार आणि कोणत्या मराठीत

मराठी कादंबरीने या प्रश्नाची फार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) धनगरांची वस्ती आपल्याला दिसते ती बाहेरून आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी, त्यामुळे वाचकही त्याच्याबरोबर त्या वस्तीत हळूहळू शिरतो. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) वऱ्हाडी बोलीतले संवाद हेच कादंबरीचे बळ आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर स्वतःच बोलतो आणि त्याच्या बोलण्याचा ढंग हीच कादंबरीची रचना होते. यांपैकी कोणाचेही अनुकरण करण्यात अर्थ नाही, पण प्रत्येकाने निवेदक बदलला असता तर कादंबरीच बदलली असती, हे ध्यानात घ्यावे.

निवेदक डोक्यात ठरवण्यापेक्षा एकच प्रसंग तीन तऱ्हांनी लिहून पाहावा. आपल्या वहीचा प्रसंग सुभद्राच्या तोंडून असा येईल: 'दगडू संपाच्या आधी गावी गेला, त्यो पुन्यांदा आलाच न्हाई. दोन म्हैन्यांचं येणं व्हतं त्याच्याकडं. मी काय त्या पानावर काट मारली न्हाई.' मुलीच्या तोंडून: 'आईला अक्षर येत नव्हते, हिशेब मी लिहायची. दगडूमामांच्या पानावर आले की आई म्हणायची, ते राहू दे, पुढचे घे.' आणि बाहेरच्या निवेदकाकडून: 'सुभद्रा पाने उलटत राहिली आणि एका पानापाशी तिचा अंगठा थांबला.' तिन्ही वाचून पाहिल्यावर माझा कल मुलीकडे जातो. तिला हिशेब वाचता येतो पण त्याचा अर्थ कळत नाही, आईला अर्थ कळतो पण वाचता येत नाही. या दोघींमधल्या फटीतून अख्खी कादंबरी पुढे सरकू शकते. शिवाय मुलगी शाळेत गेलेली असल्यामुळे निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवता येतात, आणि ती विभागणी कृत्रिम वाटत नाही.

बोली लिहिताना उच्चारातले प्रत्येक वळण कागदावर उतरवण्याचा मोह आवरावा. क्रियापदांची रूपे, काही ठरावीक शब्द आणि वाक्याची लय एवढे जपले तरी बोली ऐकू येते. प्रत्येक अक्षर मोडून लिहिले तर वाचक अडखळतो आणि पात्र हास्यास्पद होण्याचा धोका असतो. पाटणची बाई, मालवणचा कामगार आणि परळला वाढलेली मुलगी यांची मराठी एकसारखी असता कामा नये, एवढे मात्र काटेकोरपणे पाळावे.

सहावी पायरी : प्रसंगांची मांडणी

आराखडा फार तपशिलात करू नये, पण अजिबात न करता निघणेही धोक्याचे आहे. तीस-पस्तीस कोऱ्या कार्डांवर प्रत्येकी एक प्रसंग एका वाक्यात लिहावा, आणि त्या वाक्यात काहीतरी बदलले पाहिजे: कोणीतरी काही गमावले, कोणाला काही कळले, कोणी एखादा निर्णय घेतला. 'सुभद्रा बाजारात जाते' हा प्रसंग नाही. 'वाणी पहिल्यांदाच उधार नाकारतो आणि ती मुलीच्या लग्नाच्या पैशाला हात लावते' हा प्रसंग आहे.

कार्डे जमिनीवर पसरून दोन लागोपाठच्या प्रसंगांमध्ये 'त्यामुळे' किंवा 'तरीही' हा शब्द बसतो का ते पाहावे. फक्त 'नंतर' बसत असेल तर तिथे घटनांची यादी झाली आहे, कथानक झालेले नाही. संपासारखा दीर्घकाळ रेंगाळलेला इतिहास घेतला की हा दोष हटकून येतो, कारण खऱ्या घटना तारखांच्या क्रमाने येतात आणि लेखक त्यांच्या मागे चालू लागतो. कादंबरीने वहीच्या प्रश्नाच्या मागे चालायचे आहे; ज्या तारखेला वहीवर काहीच परिणाम झाला नाही, ती तारीख इतिहासात कितीही मोठी असली तरी सोडून द्यावी.

सातवी पायरी : पहिला मसुदा

इथे सांगण्यासारखे थोडे आणि करण्यासारखे पुष्कळ आहे. साठ हजार शब्दांची कादंबरी रोज पाचशे शब्दांनी १२० दिवसांत पूर्ण होते; नोकरी-संसार सांभाळून सहा महिने धरावेत. वेळ आणि जागा ठरलेली असावी. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच क्रमशः वाचकांसमोर आणली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली ती कादंबरी आजही मराठीतली थोर कादंबरी मानली जाते, याचा मला नेहमी आधार वाटतो. मुदतीचा धाक साहित्याला मारक असतो, हे खरे नाही.

प्रसंग पूर्ण झाल्यावर उठू नये. पुढच्या प्रसंगाची दोन वाक्ये लिहून मगच उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झुंजावे लागत नाही. मागची पाने वाचून सुधारत बसण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. माझी पहिली कादंबरी त्याच मोहापायी पहिल्या चाळीस पानांत वर्षभर अडकून पडली होती, आणि त्या चाळीसांपैकी छापील पुस्तकात पाचसुद्धा राहिली नाहीत.

मध्यावर सर्वांनाच एक मरगळ येते. अशा वेळी मागे, बिजाकडे जावे आणि कोणता प्रश्न सोडवण्यासाठी आपण निघालो होतो ते पाहावे. पुष्कळदा असे आढळते की कोणत्या तरी प्रसंगात लेखकाने पात्राला फार स्वस्तात सोडले आहे. सुभद्राला अडचणीच्या वेळी अचानक कोणी मदत केली असेल, तर ती मदत काढून टाकावी. कथानक बहुधा तिथूनच पुन्हा चालू लागते.

आठवी पायरी : पुनर्लेखन

मसुदा पूर्ण झाल्यावर किमान सहा आठवडे तो नजरेआड ठेवावा. मग छापील प्रत काढून एका बैठकीत किंवा दोन दिवसांत सलग वाचावी आणि हातात पेन न घेता वाचावी. कुठे लक्ष उडाले, कुठे घाई झाली, कोणते पात्र मध्येच नाहीसे झाले, एवढेच वाचून झाल्यावर आठवून लिहावे. पहिला हात रचनेवर फिरवावा: प्रसंग हलवणे, गाळणे, दोन पात्रांचे एक करणे. वाक्ये सुधारण्याचे काम त्यानंतर, कारण जे प्रकरण उद्या गाळायचे आहे त्यातले विशेषण आज घासत बसण्यात काही हशील नाही.

दुसरा हात मोठ्याने वाचून फिरवावा. गुस्ताव्ह फ्लोबेर यांनी 'मादाम बोव्हारी'वर १८५१ ते १८५६ अशी जवळपास पाच वर्षे काम केले आणि आपली वाक्ये ते मोठ्या आवाजात म्हणून पारखत. मराठीत ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण आपल्या लेखनात शिरलेली इंग्रजी वळणाची वाक्ये डोळ्यांना खटकत नाहीत, जिभेला खटकतात. 'तिच्याद्वारे वही उघडली गेली' हे म्हणून पाहिले की 'तिने वही उघडली' हे लगेच सुचते. संवाद वाचताना बोलणाऱ्याचे नाव झाकून पाहावे. नाव न पाहता कोण बोलते आहे ते ओळखू येत नसेल तर तो संवाद पुन्हा लिहावा लागेल.

तिसऱ्या हातात शोधाच्या खुणा पुसाव्यात. कष्टाने मिळवलेली माहिती दाखवण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण पात्राला त्या क्षणी ज्या गोष्टीकडे पाहण्याचे कारण नाही ती वाचकालाही दाखवू नये. जी फुली केलेली ठिकाणे होती ती याच वेळी भरावीत, आणि अजूनही न भरलेली वाक्ये काढून टाकावीत.

नववी पायरी : इतरांच्या हाती

तिघांना वाचायला द्यावे: एक त्या जगातून आलेला, एक भरपूर कादंबऱ्या वाचणारा, आणि एक लेखकावर माया नसलेला. त्यांनी सुचवलेले उपाय ऐकून घ्यावेत, पण विश्वास ठेवावा तो त्यांनी दाखवलेल्या जागांवर. तिघेही एकाच पानावर अडखळले तर तिथे दोष आहे, मग तिघांनी त्याची कारणे वेगवेगळी सांगितली तरी.

प्रकाशकाकडे जाताना एका पानाचा सारांश, दोन प्रकरणे आणि साधे पत्र पुरते. एखादे प्रकरण स्वतंत्रपणे उभे राहत असेल तर दिवाळी अंकाकडे पाठवावे. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या या परंपरेत नव्या लेखकाला आजही जागा मिळू शकते. करार पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये आणि अनुवाद, ध्वनिपुस्तक व दृश्य माध्यमांचे हक्क कोणाकडे राहणार हे स्पष्टपणे लिहून घ्यावे, कारण भारतीय कायद्यानुसार स्वामित्व हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि आज केलेली सही त्या साऱ्या काळाला बांधून ठेवू शकते.

मुद्रिते हाती आल्यावर एक शेवटचे काम शिल्लक राहते. वहीतल्या हिशेबाचे सर्व आकडे कागदावर उतरवून त्यांची पुन्हा बेरीज करावी, खाडे वजा करावेत आणि प्रत्येक माणसाचे येणे बरोबर निघते का ते पाहावे. सुभद्राची मुलगी हिशेबात चुकत नसे, असे तिसऱ्या प्रकरणात लिहिलेले आहे.